मधुकराचे दान

मागील अंकात लग्नकार्यातील आहेरांविषयी मी चार शब्द लिहिले होते. त्यावर कित्येक वाचकांची पत्रे आली. काही कौतुकाची, काही रागाची. त्यांस या खेपेस सविस्तर उत्तर द्यावे असे योजिले होते. परंतु मध्यंतरी खुद्द आमच्याच घरी असा एक आहेर येऊन पडला की, आठ दिवस माजघरात दुसरा विषय निघाला नाही. तेव्हा उत्तरे पुढच्या महिन्यात.

माझा पुतण्या नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. यंदाच्या माझ्या सदुसष्टाव्या वाढदिवसास त्याने एक कार्ड पाठविले. वर मधाच्या पेटीचे आणि माश्यांचे सुरेख रंगीत चित्र, आणि आत इंग्रजीत मजकूर असा की, आपल्या सन्मानार्थ एका ग्रामीण कुटुंबाच्या मधमाशीपालनासाठी देणगी देण्यात आली आहे. मी तो मोठ्याने वाचून त्याचा अर्थ सांगितला. क्षणभर सर्वच गप्प राहिले. मग आमच्या थोरल्या वहिनी, म्हणजे त्या पुतण्याच्या मातोश्री, म्हणाल्या, “काकांना धोतरजोडी पाठवायची सोडून माश्या पाठवल्या? आणि त्याही दुसऱ्याच्या घरी!” आमच्या कुटुंबाने समजुतीच्या स्वरात सांगितले, “जाऊ द्या हो वहिनी. निदान आपल्याला चावायच्या तरी नाहीत.” सात वर्षांचा नातू मात्र फार गंभीर झाला होता. त्याने विचारले, “आजोबा, त्या माश्यांना तुमचं नाव ठाऊक आहे का?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. धाकट्या सूनबाईंनी कार्डाच्या पाठीमागचा बारीक अक्षरांतला मजकूर वाचून ते दिले. तेथे लिहिले होते की, चित्रातील भेट प्रतीकात्मक असून रक्कम संस्थेच्या एकंदर कार्यास लागेल. म्हणजे अमुक घरची अमुक पेटी आजोबांची, असे कोणी दाखवू शकणार नाही. नातवाचा चेहरा उतरला. खरे सांगावयाचे तर माझाही थोडासा उतरला. आणि तो का उतरला याचा विचार करता करताच हा लेख लिहावयास बसलो आहे.

परदेशांत ही पद्धत आता पुष्कळच रूढ झाली आहे. नाताळात किंवा वाढदिवशी आप्तास वस्तू न देता, त्याच्या नावाने कोणा गरजू कुटुंबास शेळी, कोंबड्या किंवा मधमाश्या द्याव्यात असा तिचा प्रकार आहे. तिचे मूळ शोधू गेल्यास डॅन वेस्ट या अमेरिकन शेतकरी गृहस्थापाशी येते. स्पेनमधील यादवी युद्धाच्या काळात तो तेथे उपाशी मुलांना दूध वाटण्याचे काम करीत असे. दूध थोडे आणि मुले फार. तेव्हा त्याच्या मनात आले की, पेलाभर दूध देऊन भागणार नाही, गाय दिली पाहिजे. त्याच्या या विचारातून १९४४ साली सतरा कालवडी बोटीने पोर्तो रिकोस गेल्या, आणि आज हायफर इंटरनॅशनल या नावाने ओळखली जाणारी संस्था उभी राहिली. हायफर म्हणजे कालवडच. दान घेणाऱ्यावर तिने एकच अट घातली: तुझ्या गाईस होणारी पहिली कालवड तू आणखी एका कुटुंबास द्यावीस. घेणारा येथे स्वतः दाता होतो. ही अट मला कार्डावरील चित्राहून फार मोलाची वाटते.

गोदान आम्हांस नवीन नाही. परंतु आमच्या धर्मशास्त्रकारांनी गोदान सांगताना गाय कशी असावी हेही सांगितले आहे. ती दुभती असावी, सवत्स असावी, तिजबरोबर दूध काढण्याचे काशाचे भांडे असावे, अंगावर वस्त्र असावे. पाठशाळेत हे शिकताना मला त्यात नुसते कर्मकांड दिसे. आता त्यात व्यवहार दिसतो. गाय दिली आणि भांडे दिले नाही, तर गरीब माणूस दूध काढणार कशात? कठोपनिषदाच्या आरंभी याची उलट बाजू आहे. नचिकेत्याचा पिता यज्ञात सर्वस्व देऊ लागला आणि देता देता ज्यांचे दूध आटले, ज्यांना आता वासरू होणार नाही, अशा गाई ऋत्विजांच्या गळ्यात बांधू लागला. ते पाहून पोराच्या मनात श्रद्धा शिरली आणि पुढचे सर्व रामायण घडले. दाता आपल्या पुण्याचा हिशोब मांडीत होता, आणि घेणाऱ्याच्या दारात एक खाणारे तोंड वाढत होते. या कथेचा मला प्रत्यय कसा आला ते सांगण्यापूर्वी माश्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्या घरांत मध रोज लागतो परंतु माशीची ओळख कोणासच नसते.

मधुपर्कात मध, पंचामृतात मध, औषधाच्या अनुपानास मध. सुश्रुताने मधाचे आठ प्रकार सांगितले आहेत: पौत्तिक, भ्रामर, क्षौद्र, माक्षिक, छात्र, आर्घ्य, औद्दालक आणि दाल. एवढे बारीक पाहणाऱ्या आमच्या पूर्वजांनी माशी पाळण्याची पेटी मात्र केली नाही. पोळ्याखाली धूर करावा, पोळे कापावे, पिळावे. मधाबरोबर अंडी आणि पिल्लेही चुरडली जावीत, आणि ते आपण गाळून देवास वाहावे, असे शतकानुशतके चालत आले. यात माशीचे घर जाते आणि पुढच्या वर्षाचा मधही जातो. सह्याद्रीत आग्या माशी उंच कड्यावर किंवा झाडावर उघड्यावर एकच मोठे पोळे लावते. ती पेटीत नांदत नाही. सातेरीचा स्वभाव निराळा. ती झाडाच्या ढोलीत, कड्याच्या कपारीत, काळोखात, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. तिला काळोखी पेटी दिली तर ती तेथेही संसार मांडते.

ही पेटी साध्य झाली ती एका लहानशा निरीक्षणामुळे. लँगस्ट्रॉथ नावाच्या अमेरिकन धर्मोपदेशकाच्या १८५१ साली ध्यानात आले की, दोन पोळ्यांच्या मध्ये माशी आपल्या जाण्यायेण्यापुरती ठराविक वाट मोकळी ठेवते. सहा ते नऊ मिलिमीटर, त्याहून अधिक नाही. अधिक जागा मिळाली तर ती तेथे पोळे बांधते. तेवढेच अंतर राखून लाकडी चौकटी टांगल्या, की प्रत्येक पोळे पुस्तकाच्या पानासारखे बाहेर काढून पाहता येते. मग मधाच्या चौकटी यंत्रात घालून फिरवावयाच्या, मध उडून बाहेर येतो, आणि रिकामे पोळे जसेच्या तसे माशीस परत देता येते. खालच्या कोठीतील पिल्लांस हातही लागत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी फादर न्यूटन यांनी दक्षिणेत त्रिचनापल्लीकडे आपल्या देशी माशीच्या मापाची लहान पेटी केली. १९३४ साली वर्धा येथे गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्याच्या कार्यक्रमात मधमाशीपालन होते. महाबळेश्वरास १९४६ साली या कामाचा पाया घातला गेला, आणि आज राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय तेथेच आहे. त्याच तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. आमच्या वाईपासून हे सर्व काही कोसांवर. परंतु मला त्याचे ज्ञान किती होते हे आता सांगतो.

माझे वडील लहानपणी वाईस शिकावयास आले ते माधुकरी मागून. नव्या पिढीतील वाचकांस हा शब्द केवळ पुस्तकी वाटेल. मधुकर म्हणजे भुंगा. तो एका फुलावर सर्व भार न टाकता प्रत्येक फुलातून थोडे थोडे घेतो आणि फुलाचे काही बिघडू देत नाही, त्याप्रमाणे विद्यार्थ्याने पाच घरी जाऊन प्रत्येक घरचे मूठभर अन्न घ्यावे, ही माधुकरी. वडील म्हणत की, अन्नाची लाज कधी वाटली नाही, वाटली ती एकाच गोष्टीची. एका घरी रोज भात करपलेला असे, आणि तरीही दारातल्या बाई विचारीत, “काय रे, छान आहे ना?” आणि रोज “हो” म्हणावे लागे.

मी २०१६ साली निवृत्त झालो. वडिलांच्या नावे काही तरी करावे असे फार दिवस मनात होते. ब्राह्मणास दान द्यावे हे आम्ही शिकलो होतो. परंतु ज्या घरास खरोखर उपयोग होईल तेथे द्यावे असे या वेळी मनाने घेतले, आणि घरातील एका वडीलधाऱ्यांचा रोष पत्करूनही मी ते तडीस नेले. धोम धरणापलीकडच्या खोऱ्यातील एका वाडीत माझा एक जुना विद्यार्थी राहतो. वडील लवकर गेले, दोन एकर वरकस जमीन, नाचणी आणि वरई. घरी आई आणि पाठची बहीण. त्याला मी मधमाश्यांच्या दोन पेट्या देण्याचे ठरविले. मधुकरावर वाढलेल्या माणसाच्या स्मरणार्थ मधुकराचेच दान, ही कल्पना मला फार सुंदर वाटली. वाचकहो, कल्पना सुंदर असली की माणूस पुढचे प्रश्न विचारीत नाही.

वैशाखाच्या अखेरीस वडिलांची पुण्यतिथी येते. त्या दिवशी माश्यांसह दोन पेट्या जीपमध्ये घालून आम्ही गेलो. पेट्यांस हळदकुंकू लावले, नारळ फोडला, पुतण्याने छायाचित्र काढले. विद्यार्थ्याच्या आईने पदर पसरून नमस्कार केला. ते छायाचित्र माझ्या टेबलावर आहे.

दिवाळीत त्या घरून मधाची एक बाटली आली. पुढल्या वर्षी जेष्ठात आणखी एक. मी ती आल्यागेल्यास दाखवीत असे. देवाच्या पंचामृतास तोच मध वापरीत असे. एकदा एका स्नेह्यांस चमचाभर देऊन मी विचारलेही होते, “कसा आहे?”

दीड वर्षाने एका लग्नाच्या निमित्ताने त्या बाजूस जाणे झाले आणि न कळविता मी त्या घरी गेलो. ओसरीवर एक पेटी होती, तिच्यात कांदे भरलेले होते. दुसरीच्या वर गोणपाट टाकून कोंबडी खुडूक बसविली होती. विद्यार्थी घरी नव्हता. त्याची आई मला पाहून उभ्या जागी थिजली. मग हळूच म्हणाली, “गुरुजी, माश्या आखाडातच गेल्या. धा दिस पाऊस उघडला न्हाई. फुलं न्हाईत, खायाला काय न्हाई, गेल्या बिचाऱ्या.”

मी विचारले, “आणि मग तो मध?”

ती खाली पाहत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “तुम्ही वडलांच्या नावानं दिल्यालं. तुम्हास्नी वाईट वाटंल म्हून पोरगा वाईच्या बाजारातनं घिऊन द्यायचा.”

पेट्या त्यांना मी दिल्या, आणि त्यांची किंमत मात्र ते मला हप्त्याहप्त्याने फेडीत होते, असा त्याचा अर्थ होता. करपलेल्या भातास “छान” म्हणावयास लावणारी ती बाई मला त्या ओसरीवर आठवली. वडील हयात असते तर काय म्हणाले असते याचा विचार मी त्या दिवशी केला नाही. धैर्य झाले नाही.

माझ्या चुका मागाहून जाणत्यांनी समजावून दिल्या त्या अशा. आमच्या डोंगरात मधाचा खरा हंगाम फाल्गुन ते वैशाख. जांभूळ फुलते, हिरडा फुलतो, गेळा फुलतो. मी पेट्या नेल्या तेव्हा फुले संपत आली होती आणि पावसाळा दाराशी होता. पावसाळ्यात सातेरीस बाहेर पडता येत नाही आणि बाहेर पडून मिळतही नाही. त्या चार महिन्यांत तिला साखरेचा पाक करून घालावा लागतो, पेटी कोरडी ठेवावी लागते, मेणकिडा लागला का पाहावे लागते, पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवून मुंग्या अडवाव्या लागतात. भूक लागली की सातेरी धन्याचा निरोप न घेता घर सोडून जाते. हा तिचा प्रसिद्ध स्वभाव आहे. यातले एक अक्षरही मी त्या घरास सांगितले नव्हते, कारण मलाच ते ठाऊक नव्हते. काशाच्या भांड्याशिवाय गाय दिली होती. ज्या शेजारणीने माश्यांना घाबरून कुरकुर केली, तिला समजावयासही कोणी नव्हते. आणि कारवी, जी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि त्या साली पावसाच्या शेवटास डोंगर मधाने भरून टाकते, तिच्या भरवशावर तर काही दरसाल राहता येत नाही.

मी पुन्हा नव्या पेट्या घेऊन देतो म्हणालो. विद्यार्थ्याने नम्रपणे नाही म्हटले. तो म्हणाला, “गुरुजी, फुकटचं नको. फुकटच्याला कुणाला काही बोलता येत नाही.” त्याच्या या वाक्याने मी जितका शिकलो तितका चाळीस वर्षांच्या शिक्षकीत शिकलो नसेन. सरकारी मधकेंद्र योजनेत निम्मी रक्कम मधपाळाने घालावयाची आणि निम्मे अनुदान, अशी व्यवस्था आहे हे त्याला कळले होते. पूर्वी मला अशा अटीत सरकारी कृपणपणा दिसला असता. तो महाबळेश्वरास जाऊन दहा दिवसांचे प्रशिक्षण घेऊन आला. त्याच्या वाट्याच्या रकमेपैकी काही त्याने माझ्याकडून उसनी घेतली, कागदावर लिहून, आणि दोन सुगींत फेडली. तो कागद फाडून टाक असे मी म्हटले तेव्हा त्याने तो घडी करून खिशात ठेवला.

कांद्याची पेटी धुऊन, उन्हात तापवून, तिलाही त्याने कामास लावले. मार्गशीर्षात एका जुन्या हिरड्याच्या ढोलीत त्याला सातेरीची वसाहत सापडली. त्या वेळी मी मुद्दाम गेलो होतो. धूर अगदी बेताचा. ढोलीतून एकेक पोळे हळूच सोडवून तो लाकडी चौकटीत केळीच्या सोपटाने बांधीत होता. राणी सापडेपर्यंत तो कोणाशी बोलला नाही. ती पेटीत गेल्यावर बाकीच्या माश्या आपण होऊन रांगेने आत शिरू लागल्या. जणू घंटा झाल्यावर वर्गात मुले. त्याच्या आईने माझ्या तोंडावर जाळीचा बुरखा बांधला होता, तो तिने स्वतः मच्छरदाणीच्या तुकड्याचा शिवला होता.

चांगल्या सालात एका पेटीस पाच-सात किलो मध निघतो, वाईट सालात काहीच नाही. यावर कोणी श्रीमंत होत नाही. मोठ्या परदेशी माशीचा मध अधिक असतो, परंतु तिच्या पेट्या फुलांमागून ट्रकने फिरवाव्या लागतात. ते दोन एकरवाल्याचे काम नव्हे. आणि रोगाची भीती असतेच. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने दक्षिणेतल्या देशी माश्यांच्या बहुतेक वसाहती बसविल्या होत्या. अशा वेळी ज्या घराचे सर्वस्व पेट्यांत असेल त्याने काय करावे? म्हणून नाचणी आणि कोंबड्या सोडू नयेत असे त्या मुलाची आई म्हणते, आणि मला वाटते संस्थांच्या रंगीत चित्रांहून तिचा सल्ला पक्का आहे. मात्र मधाच्या पैशांनी बहिणीचे बारावीचे शुल्क भरले गेले, हे मी स्वतः पावती पाहून सांगतो. तिचे लग्न पलीकडच्या खोऱ्यात झाले तेव्हा त्याने एक भरलेली वसाहत विभागून एक पेटी तिच्याबरोबर दिली. डॅन वेस्टचे नाव त्याने कधी ऐकलेले नाही.

तर असे सर्व मनात असता पुतण्याचे कार्ड आले. वहिनींना मी ही हकीकत पहिल्यानेच सांगितली, कारण बाजारातल्या मधाची गोष्ट मी घरातही लपवून ठेविली होती. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माझ्या पंचामृतात दीड वर्ष तोच घातला की हो तुम्ही.” पण त्या रागावलेल्या नव्हत्या.

पुतण्यास मी आभाराचे पत्र लिहिले आहे. तुझी भेट पोहोचली, आनंद झाला, असे लिहून पुढे काही विचारले आहे. तुझ्या संस्थेचा माणूस पावसाळ्यात त्या घरी जातो का? पाकास साखर कोण देते? माश्या निघून गेल्या तर त्या घराने ते कोणास सांगावयाचे, आणि सांगितल्यावर कोणी रागावणार तर नाही ना? माझ्या नावाची पेटी कोणती हे कळले नाही तरी चालेल, हेही लिहिले आहे. ते मात्र नातवास न विचारता.

गेल्या चैत्रात वाडीवरून बाटली आली. तीवर लेबल नाही, बूच सुती चिंधीने बांधलेले. जांभळाचा मध काळपट आणि किंचित कडवट असतो, आणि वर मेणाचे दोन कण तरंगत होते. बरोबर चिठ्ठी होती की, यंदा फुलोरा कमी, चौघांत मिळून एवढाच निघाला, दोन पेट्या रिकाम्या झाल्या आहेत. वहिनींनी मध गाळला नाही. तसाच वाटीत काढून देवापुढे ठेवला.